दाराची पाल

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर नावेला डांबर लावलं. मी अन् माझा आजा. शनिवार होता, ऊन उतरायला लागलं होतं. धरणाचं पाणी मागं सरकलेलं, त्यामुळं नाव काठावरच्या गाळात कुशीवर कलती पडली होती. आजा चिंध्या गरम डांबरात बुडवून द्यायचा अन् मी त्या फळ्यांच्या फटीत ठोकायचो. बोलणं काही नाही. काम करताना बोललेलं आज्याला खपायचं नाही. "बोलायचं तर तिकडं पारावर जा, इथं फट बुजव," म्हणायचा.

माझ्या सदऱ्याच्या खिशात एक कागद होता. औरंगाबादच्या एका कंपनीचं बोलावणं. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. कागद येऊन दहा दिवस झाले होते अन् मी आज्याला सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोला तेवढं माहीत होतं. लग्नाला वर्ष झालं होतं आमच्या.

"आज सांगणार ना?" सकाळी तिनं विचारलं.

"सांगतो."

"काल पण सांगतोच म्हणला होता."

"आज सांगतो म्हणलं ना एकदा."

"तुम्ही नाय सांगितलं तर मी सांगन. मग मला बोलू नका."

मी गेलो, डांबर लावलं, अन् सांगितलं नाही. आता मी सत्तरीच्या पुढं गेलोय अन् अजून ते डांबर नाकात आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिताना चुका होतील, त्या असू द्या. आज्याचं लिहून ठेवा, लिहून ठेवा, असं माझी ही लई मागं लागायची. ती होती तोवर लिहिलं नाही. तिला सगळं माहीत होतं, मग लिहायचं कुणासाठी? ती गेली त्याला सात महिने झाले. आता मी एखादी गोष्ट काढली तर पुढचं वाक्य बोलायला घरात कुणी नाही, म्हणून वही घेतली.

मी पुंडलिकनगरात राहतो. शहराचं नाव बदललं, आता संभाजीनगर म्हणायचं. माझ्या तोंडात औरंगाबादच येतं, जुनी सवय. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येतं. ते धरणातलं पाणी आहे, म्हणजे आमच्या बुडालेल्या जुन्या गावावरून आलेलं. नळाची घरघर सुरू झाली की ही पहिला तांब्या भरायची, माझ्यापुढं धरायची अन् म्हणायची, "घ्या, तुमच्या आबांनी पाठवलं." आबा म्हणजे आजा. मी म्हणायचो, येडी का काय तू. पण प्यायचो. आता पाणी आलं की मीच भरतो. काही म्हणत नाही. कधी कधी बादली भरून वाहायला लागते तरी मी तिथंच उभा असतो, अन् पाण्यावर पुन्हा ती नाव दिसते.

माझे आईबाप मी लहान असताना गेले. बाप आधी, आई वर्षानं. आजा-आजीनं वाढवलं, त्यातही जास्त नावेनंच वाढवलं म्हटलं तरी चालंल. तेव्हा गोदावरी नदी होती. आता आमच्या बाजूला तिला कुणी नदी म्हणत नाही, धरणाचा फुगवटा म्हणतात. तेव्हा अलीकडं गंगापूर तालुका, पलीकडं नगर जिल्हा, अन् मधी एवढीशी नदी. या काठावरून हाक मारली की त्या काठावरची बाई तव्यावरची भाकरी उलथून मग ओ द्यायची. आजा नावाडी. त्याच्याकडं एक लांब बांबू होता. तो नदीच्या तळाला टेकवायचा, छाती लावून रेटायचा, की नाव पुढं. नावेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो चालत जायचा अन् परत यायचा. मला लहानपणी वाटायचं, आजा नदी चालत पार करतो अन् आपण नुसतं बसून राहतो.

नावेत कोण नसायचं? धनगरांच्या मेंढ्या असायच्या. बाजाराच्या बाया, नवऱ्या, वऱ्हाडं, मुसलमानांचा ताबूत बघायला जाणारी पोरं, बाळंतपणाला निघालेली पोरगी अन् तिची रडणारी आई. आजा ख्रिस्ती. आमचं अर्धं गावच ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, अजून म्हणतो. नदीकाठी दगडाचं जुनं देऊळ होतं, त्याची किल्ली आज्याच्या करगोट्याला. झाडायचं त्यानं, दिव्यात तेल घालायचं त्यानं, घंटा वाजवायची त्यानं. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पण नावेत बसणाऱ्याला आज्यानं कधी विचारलं नाही की तू कुठल्या देवाचा. विचारायचा एवढंच, "उलटी होते का तुला? होत असंल तर कडंला बस."

मग धरण झालं. पाणी आलं ते काही धावत आलं नाही. रोज थोडं थोडं, मांजरासारखं. एक दिवस पायरीवर, एक दिवस उंबऱ्याशी. गाव उठलं. अर्धी घरं अलीकडं वर बसवली, अर्धी पलीकडं. देऊळ खाली गेलं. देवळामागची कबरस्तानाची जागा खाली गेली, अन् तिथं माझी आजी होती. ती पाणी यायच्या दोन वर्षं आधी वारली होती. आज्यानं तिच्या कबरीवरचा दगड काढून आणला नाही. लोक म्हणाले, आणू, बैलगाडी देतो. आजा म्हणाला, "तिचं ती बघंल. नाव लिहिलेलं राहू द्या तिच्याजवळ."

अलीकडं नव्या गावठाणात पत्र्याचं देऊळ झालं. पाळकसाहेब म्हणाले, पलीकडच्या लोकांनी आता तिकडंच काहीतरी बघावं, एवढं पाणी ओलांडून कसं येणार? आजा तिथंच उठून उभा राहिला.

"साहेब, मंडळी एक हाय. मधी पाणी आलं म्हणून मंडळी दोन कशी होती?"

"अहो, पण आणणार कोण त्यांना?"

"मी हाय ना."

आजा तेव्हा साठीला आला होता. अन् खरी अडचण अशी की त्याचा बांबू आता तळाला पुरत नव्हता. काठापासून थोडं आत गेलं की बांबू अख्खा पाण्यात, हात पाण्यात, अन् खाली काहीच नाही. मी त्याचं तोंड बघितलंय त्या दिवशी. जिना उतरताना पायरी आहे समजून पाय टाकावा अन् ती नसावी, तसं. वल्ह्यानं जायचं तर एका खेपेत खांदे जायचे.

धरणात मासे धरायला तेव्हा उत्तरेकडचा एक कोळी आला होता. तो हसायचा आज्याला. म्हणाला, "बाबा, इतने बड़े पानी में बांस से क्या होगा? पाल लगाओ, पाल." वारा भरून नाव ओढणारं कापड असतं, त्याला तो पाल म्हणायचा. आम्हाला शीड हा शब्द शास्त्रात, म्हणजे बायबलात, वाचून माहीत होता, पण डोळ्यानं कुणी बघितलेलं नव्हतं. आज्यानं त्याचाच शब्द उचलला.

कापड होतं. मोठ्या दुष्काळात परदेशातून गहू यायचा, त्याच्या पांढऱ्या कापडी पिशव्या देवळाच्या कोठारात पडून होत्या. त्यावर एकमेकांत घातलेल्या दोन हातांचं चित्र छापलेलं. त्याच कापडाच्या चड्ड्या आम्ही पोरांनी घातल्या होत्या, प्रत्येकाच्या बुडावर दोन हात. उरलेल्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन आजा अन् मी गंगापूरला गेलो. तिथं बाजारात एक दर्जी होता, मुसलमान, आज्याचा जुना ओळखीचा. गाद्या, गोण्या, बैलांच्या झुली असलं जाड काम करायचा.

"भाई, पाल शिवून दे," आजा म्हणाला.

"हौ, देतौं ना चाचा. कित्ते आदमी का?"

आज्याला वाटलं, नावेचं विचारतोय. "वीस बसतात. दाटीवाटीनं पंचवीस."

दर्ज्यानं चष्मा कपाळावर ढकलला. "पच्चीस? अन् बकऱ्यां?"

"शेळ्या असतात की. त्या एका कडंला बांधतो."

"बांबू कित्ते?"

"एकच. मधोमध."

"एक बांबू पे पच्चीस आदमी? चाचा, गिरता ना वो."

"तीस वर्षं काय पडला नाही," आजा म्हणाला. "आता काय पडतोय?"

दर्ज्यानं कापड मापायला घेतलं. म्हाताऱ्या माणसाशी कशाला वाद घाला. पुढच्या बाजारी आम्ही गाठोडं घेऊन आलो. काठावर पंधरा-वीस माणसं बघायला जमली होती. आज्यानं गाठोडं सोडलं, मी एक टोक धरलं, आजा दुसरं टोक धरून मागं मागं गेला. अन् बघतो तर तंबू! धनगर रानात मुक्कामाला ठोकतात, तसली पाल. उतरतं छप्पर, खुंट्यांना अडकवायला कडंनं दोऱ्यांचे फास, अन् पुढं दार. दार गुंडाळून वर बांधायला नाडीसुद्धा लावलेली, लई मायेनं केलेलं काम. आमच्याकडं पाल म्हणजे तंबू नायतर भिंतीवरची पाल. दर्ज्यानं त्यातली चांगली होती ती शिवून दिली.

लोक हसून हसून खाली बसले. एकजण म्हणाला, "आबा, आता पाण्यातच बिऱ्हाड करा. दारबी हाय."

आजाही हसला. मग त्या कापडावरच मांडी घालून बसला अन् हाताची घडी घालून विचार करायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "शास्त्रात एक प्रेषित तंबूच शिवायचा, अन् गलबतात बी बसायचा. एका माणसाला दोन्ही जमलं, मग एका कापडाला का नाय जमायचं?"

त्यानं वरची शिवण उसवली. कापड सपाट झालं. खुंट्यांचे फास होते त्यातून आडवी काठी ओवली. अन् जो बांबू खाली पुरत नव्हता, तो नावेच्या मधी वर उभा केला.

पहिल्या दिवशी मी अन् आजा दोघंच गेलो. वारं पश्चिमेचं. पाल भरली अन् नाव अशी कलली की मी येशूचं नाव घेतलं, आज्यानं माझ्या आईवरून एक शिवी हासडली. मी घाबरून जे हाताला लागलं ते ओढलं. ती दाराची नाडी होती. दार उघडलं, वारं भोकातून भुर्रकन निघून गेलं अन् नाव सरळ झाली. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. तेव्हापासून ते दार तसंच ठेवलं. वारं जास्त झालं की आजा ओरडायचा, "दार उघड!" कमी झालं की, "लाव दार, वारं चाललं बाहेर!" नवा माणूस नावेत असला की इकडं तिकडं दार शोधायचा.

दर्ज्याला हे कळलं तेव्हा तो बघायला आला. काठावर उभा राहून कपाळाला हात लावला. "चाचा, बोलना था ना जहाज का है."

"जहाज असतं तर बोललो असतो," आजा म्हणाला. "बस आत."

तो बसला. पलीकडं जाऊन आला. येताना दाराला आणखी एक नाडी लावून दिली.

या नावेत बसून केलेल्या रविवारांचं मला काही सलग आठवत नाही. सगळे रविवार एकच झालेत. सकाळी काठाकाठानं वल्हवत वर जायचं, कारण वाऱ्यानं नाव खाली सरकते, अन् मग पाल सोडायची. पाण्यावर पांढरी वाफ. लांब मानेचे गुलाबी पक्षी उथळात उभे, नाव जवळ गेली तरी हलायचे नाहीत. पलीकडं काठावर पांढऱ्या कपड्यातली माणसं, आधी ज्वारीच्या दाण्याएवढी, मग पोरांएवढी, मग आपापल्या तोंडाची. दुपारी त्यांना परत सोडायचं. बाया गाणी म्हणायच्या, एखादा डब्यावर ठेका धरायचा. पालीवरचे ते छापलेले हात वाऱ्यानं फुगायचे, एकमेकांना घट्ट धरल्यासारखे. त्यांची सावली पाण्यावरून आमच्या बाजूबाजूनं चालायची. मी त्या सावलीकडं बघत झोपून जायचो, दोरी हातात तशीच. आजा लाथ मारून उठवायचा. ती लाथ मला अजून झोपेत बसते, अन् जागा होऊन बघतो तर भिंत, कॅलेंडर, हिची रिकामी खाट.

देवळात आजा कायम मागं, दाराच्या कडंला बसायचा. भक्तीसाठी नाही, वाऱ्यासाठी. बाहेरच्या लिंबाचं पान कुठं वळतंय त्यावर एक डोळा. एकदा पाळकसाहेबांचं चांगलं रंगात आलं होतं. आजा उठला.

"साहेब, आमेन म्हणा. वारं फिरलं."

"अहो, अजून दोन मुद्दे राहिलेत."

"ते पुढच्या रविवारी सांगा. ही माणसं बुडाली तर एक बी मुद्दा कामाचा नाय."

साहेब आमेन म्हणाले. चांगला माणूस होता तो. पुढं पुढं तेच मधी थांबून विचारायचे, "आबा, किती वेळ आहे?"

एक गोष्ट आजा दर खेपेला करायचा. पाण्याच्या मधे एका ठिकाणी आला की वल्हं पाण्याबाहेर उचलायचा, पटका काढायचा अन् नाव तशीच जाऊ द्यायचा. वल्ह्यावरून थेंब पडायचे तेवढाच आवाज. खाली जुनं देऊळ होतं. मला वाटायचं, देवळासाठी करतो. नावेतली माणसंही तोंडं मिटायची, टोप्या काढायची. धनगर असो, कुणी असो, गप्प व्हायचा. ती जागा आज्याला कशी कळायची देव जाणे, वर तर सगळं पाणीच पाणी. मी एकदा विचारलं, "आबा, देऊळ तर मागं राहिलं, अजून वल्हं का नाय टाकत?"

"म्हातारी हाय खाली," एवढंच म्हणाला.

तेव्हा मला हसू आलं होतं. विशीत होतो. आज मी हिच्या खाटेपाशी चप्पल न वाजवता जातो, तेव्हा कळतं. आजा पलीकडच्या मंडळीसाठी नाव चालवायचा हे खरंच आहे, त्यात काही खोटं नाही. पण दर खेपेला त्याला तिच्यावरून जायला मिळायचं, हेही खरं. म्हणूनच तो कागद दाखवायची माझी छाती होत नव्हती. बायको म्हणायची, त्यांनाही घेऊन जाऊ औरंगाबादला, माझ्या हातचं खातील, आराम करतील. मी म्हणायचो, तुला नाही कळायचं. ती पाचोडची, कोरड्या मुलखातली. गुडघाभर पाणी बघून मागं पळणारी. आमच्या नावेत ती एकदाही बसली नव्हती. पण आज्याला म्हातारपणी पाण्यावरून उठवता येणार नाही हे तिलाही माहीत होतं. अन् मी गेलो तर वल्हं कोण मारणार, दोरी कोण धरणार? त्याच्या हातात आता जोर राहिला नव्हता. मी गेलो की नाव बंद. नाव बंद की मंडळी दोन. हे सगळं त्या एका कागदात होतं.

तर तो शनिवार. शेवटची फट बुजली. आजा रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसायला लागला.

"उद्या वारं लवकर सुटंल," तो म्हणाला. "अन् पलीकडची ती म्हातारी गुडघ्यानं बेजार हाय. तिला पाण्यात उतरवू नको, उचलून घे."

"व्हय."

"नुसतं व्हय नको. मागच्या बारीला भिजली, मला शिव्या दिल्या तिनं."

मी खिशावर हात ठेवला. "आबा, एक बोलायचं होतं."

"बोल की."

तो माझ्याकडं बघत होता. गालावर डांबराचा एक ठिपका होता त्याच्या.

"डांबर उरलंय," मी म्हणालो.

"उरलं तर झाकून ठेव. त्यात बोलायचं काय?"

अन् तो उठून देवळाच्या पायरीवर जाऊन बसला. शनिवारी तो तिथंच झोपायचा, सकाळी घंटा चुकू नये म्हणून. मी डांबराचा डबा झाकला, हत्यारं गोळा केली. घरी आलो तर ही चहा घेऊन निघालेली. माझ्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं.

"नाय सांगितलं ना? सरका, मीच सांगते."

ती गेली. दिवस बुडत होता. आजा भिंतीला टेकून बसला होता, पाण्याकडं तोंड करून. ही म्हणाली, "आबा, चहा घ्या." मग पुन्हा म्हणाली. मग चहा खाली ठेवला, अन् त्याच्या हाताला हात लावला.

जन्मभर म्हणायची, मी सांगायलाच चालले होते हो, दोन मिनिटं उशीर झाला.

सकाळी त्याला देवळात ठेवलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, दुपारच्या आत माती द्यायलाच पाहिजे होती. अन् पलीकडची मंडळी, रविवार म्हणून, पांढरे कपडे घालून काठावर येऊन उभी राहणार होती. त्यांना काही माहीत नव्हतं. तेव्हा फोन कुठला? आमच्यातले जाणते म्हणाले, रस्त्यानं माणूस पाठवू. पुलावरून वळसा घालून तो पोचणार, ते येणार, तोवर दुपार उलटणार.

"मी आणतो," मी म्हणालो.

"एकटा? पाल एकट्याला आवरत नाही."

"मी जाते बरोबर," माझ्या मागून आवाज आला. बायको होती.

"तू? तू पाण्याला भितेस."

"भितेच. बसून भिईन. दोरी तर धरता येती?"

चौघांनी नाव पाण्यात लोटून दिली. ती मधल्या फळीवर बसली, डोळे घट्ट मिटून, अन् मी दार उघड म्हणालो की उघडायची, लाव म्हणालो की लावायची. एकदाही चुकली नाही. डोळे मात्र पलीकडचा काठ लागेपर्यंत उघडले नाहीत.

काठावर अठरा माणसं होती. पुढं ती गुडघेवाली म्हातारी, काठी टेकून.

"आज नुसता तू?" ती ओरडली. "म्हातारा कुठंय? झोपून राहिला का?"

"आबा गेले, आजी."

म्हातारी हळूहळू खाली वाळूत बसली.

"कधी?"

"काल दिवस बुडताना."

"जेवला होता का?"

"दुपारी भाकरी खाल्ली होती. पिठलं अन् कांदा."

"मग बरं," ती म्हणाली. थोडा वेळ पाण्याकडं बघितलं. मग माझ्याकडं हात केले. "उचल मला."

मी तिला उचललं. पाऊल भिजू दिलं नाही. सगळी बसली. पाल सोडली. निम्म्या पाण्यात आलो अन् वारं पडलं. पाल नुसती लोंबायला लागली. एवढी माणसं, अन् कुणाचा शब्द नाही. मला ते सोसेना. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी बोललो.

"मी उद्या औरंगाबादला चाललोय. कंपनीत काम लागलंय."

पुढं बसलेल्या एका बाप्यानं मान वळवली. "अन् नाव?"

"ते मला माहीत नाही."

"म्हाताऱ्याला सांगितलं होतंस?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

"कागद कधी आला?"

"दहा दिवस झाले," हे माझ्या बायकोनं सांगितलं, डोळे मिटूनच.

"भ्यालास," म्हातारी म्हणाली.

"व्हय."

"जायचं तर जा. पोट हाय माणसाला. तो बी काय तुला बांधून ठेवणार नव्हता. पण न सांगता कुठं जातोस? चोर हाईस का?" तिनं काठीनं माझ्या नडगीला टोचलं. "माती द्यायच्या आधी सांग त्याला."

तो पुढचा बाप्या उठला, माणसांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत माझ्याजवळ आला अन् म्हणाला, "दोरी दे इकडं. कशी धरायची ते दाखव." मी दाखवली. त्याला काही जमेना, पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. पण त्यानं ती सोडली नाही. थोडं वारं आलं, अन् नाव वाकडी तिकडी काठाला लागली.

देवळात गर्दी होती. पाळकसाहेब गंगापूरच्या एसटीनं आले होते. पेटी उघडी होती. कुणीतरी आज्याला धुतलेला सदरा घातला होता, केस विंचरले होते, गालावरचं डांबर मात्र निघालं नव्हतं. मी खिशातला कागद काढला. आज्याला वाचता येत नव्हतं, तरी काढला. उजव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून मी फिरून डाव्या बाजूला गेलो अन् तिथं गुडघे टेकले. बायको माझ्या मागं येऊन उभी राहिली. मी मोठ्यानं बोललो.

"आबा, मी उद्या औरंगाबादला चाललोय. कंपनीत काम लागलंय. दहा दिवस झाले. तुम्हाला सांगायचं राहिलं."